मधलं बंदर

खिडकीवरचा पडदा बाजूला सारला तर मागे भिंत निघाली.

फलाटरावांच्या बायकोने तो पुन्हा ओढला, पुन्हा सारला. भिंतच. जहाज नवं कोरं, पहिल्याच सफरीला निघालेलं. जिन्याच्या कठड्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून कुणी सोलून काढलं नव्हतं. आतल्या बाजूच्या खोल्यांना खिडक्या द्यायला जागा नाही, तेव्हा कुण्या शहाण्याने भिंतीलाच पडदे लावून दिले होते. बायकोचा सगळा जन्म लोकांच्या घरचे पडदे शिवण्यात गेलेला. तिने खालची दुमड दोन बोटांत धरून पाहिली.

"टीप वाकडी गेलीय," ती म्हणाली. "माणसाला फसवायचं तर निदान सरळ शिवून तरी फसवावं."

हे ती टेबलावरच्या दिव्याला म्हणाली. कारण खोलीत दिवा होता, दोन पलंग होते आणि नवरा होता, आणि यांपैकी नवऱ्याशी ती बोलत नव्हती.

फलाटराव बुटाच्या नाड्या सोडत बसले होते. त्यांना हसू आलं, पण दिव्याला सांगितलेल्या गोष्टीवर आपण कसं हसायचं, म्हणून त्यांनी ते खोकल्यात घातलं. त्या दोघांत सहा वर्षांचा अबोला होता. तरण्या नवरा-बायकोचा अबोला दिवेलागणीपर्यंत टिकला तरी पुष्कळ. जुन्यांचा मात्र दाराच्या कडीसारखा गंजून घट्ट बसतो, आणि मग ती कडी काढायचा विचारही कुणी करत नाही, मागच्या दाराने ये-जा सुरू होते. यांच्या घरात मागचं दार म्हणजे सूनबाई. "सूनबाई, यांना सांग, चहा ओतलाय." "सूनबाई, हिला विचार, माझा चष्मा कुठे ठेवलाय." दोघं एकाच टेबलाशी, कोपराला कोपर लागेल इतकी जवळ. सुरुवातीला सूनबाई बिचारी शब्दन्‌शब्द पोचवायची. पुढे नुसती मान हलवायला लागली, कारण ज्याने ऐकायचं त्याने ऐकलेलंच असायचं. सूनबाई कामात असली की पाच वर्षांच्या चिमणीवर पाळी यायची. चिमणी अबोल्यातच जन्मलेली. आजी-आजोबांना एकमेकांचं ऐकूच येत नाही अशी तिची समजूत होती आणि ती निरोप घसा ताणून पोचवायची, वर आपल्या पदरचं घालायची.

"आजोबा, आजी म्हणते चहा गार झाला! आणि आजी म्हणते तुम्ही गाढव आहात!"

"हे आजी म्हणाली?"

"नाही, हे मी म्हणाले."

तर असा संसार. आणि या संसारातली सूनबाई, चिमणी आणि मुलगा रविवारी पहाटे घर सोडून परदेशी चालले होते. कायमचे. फलाटरावांना ते ठाऊक होतं आणि त्यांच्या बायकोला ठाऊक नव्हतं.

मुलाने ते धक्क्यावर सांगितलं होतं, सामान तपासायच्या रांगेत. सफरीची तिकिटं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने पूर्वीच काढली होती. परदेशातली नोकरी वर्षअखेरीला सुरू होणार असं तेव्हा त्याला वाटत होतं, म्हणून घरात त्याने ताकाला तूर लागू दिली नव्हती. मग कंपनीने एकाएकी बोलावणं धाडलं. "तुम्ही बुधवारी परत याल तेव्हा आम्ही नसू, बाबा. आईला तुम्ही सांगा. जहाजावर निवांत वेळ मिळेल."

"तू का नाही सांगत?"

मुलगा बुटांकडे बघत राहिला. आईचं रडणं त्याला बघवत नाही म्हणे. मुलगा बापावर गेला होता, दुसरं काय.

"मग सूनबाई सांगेल."

सूनबाई शेजारीच उभी होती. "नाही बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "सहा वर्षं मी तुमचे निरोप पोचवले. मीठ कमी आहे इथपासून ते तुमच्या छातीच्या दुखण्यापर्यंत सगळे. हा एक मी पोचवणार नाही. हा तुमच्या तोंडाने सांगा."

पलीकडे आजी चिमणीच्या केसांची रिबीन बांधत होती. चिमणीला कुणी काही सांगितलं नव्हतं, नाहीतर आजीलाच काय, सगळ्या रांगेला कळलं असतं. "बुधवारी येताना शंख आण," चिमणी सांगत होती. आजी म्हणाली, आणते.

आता ज्या माणसाच्या गळ्यात हे काम पडलं तो माणूस बोलण्याच्या बाबतीत कच्चा होता म्हणावं, तर तसंही नाही. तीस वर्षं त्याने मोठ्या बसस्थानकावर घोषणा करायची नोकरी केली होती. फलाटराव हे नाव तिथलंच, चहावाल्यांनी ठेवलेलं. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कुठली उशिरा येईल, कुठली रद्द झाली, हे हजारो लोकांना त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं. आणि या नोकरीत ते एक गोष्ट शिकले होते. गाडी रद्द झाल्याची घोषणा उपाशी माणसांसमोर करायची नाही. उपाशी माणूस दगड उचलतो. आधी उपाहारगृहात चहा-पाव तयार असल्याचं सांगायचं, लोकांच्या पोटात दोन घास जाऊ द्यायचे, आणि मग हळूच बातमी सोडायची. त्यांच्या काळात स्थानकाची एक काच फुटली नाही. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली होती.

ही अक्कल त्यांनी स्थानकातच ठेवून यायची. त्यांनी ती घरी आणली.

सहा वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांच्या मेव्हण्याचा फोन स्थानकावर आला. आईचं काही खरं नाही, ताईला लगेच पाठवा. फलाटराव तसेच घरी गेले. बायको सकाळपासून कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या पडद्यांवर वाकलेली, पोटात अन्नाचा कण नाही. त्यांनी स्वतः ताटं घेतली, स्वतः वाढलं. "आधी जेवून घे," म्हणाले. ती जेवली. ताटं उचलून झाली तेव्हा त्यांनी सांगितलं. तोवर थेट गाडी निघून गेली होती. ती गाडी कधी सुटते हे साऱ्या शहरात त्यांच्याइतकं कुणाला पाठ नव्हतं. दुसरी गाडी संध्याकाळची. ती पोचली तेव्हा आई गेलेली होती.

परत आल्यावर तिने एवढंच म्हटलं, "यापुढे मला काही सांगू नका. मीही सांगणार नाही."

दुसऱ्या एखाद्याने ते रागाचं बोलणं म्हणून सोडून दिलं असतं. फलाटरावांनी ते पाळलं.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःची समजूत घातली, की आज नको, आज ती दमलीय. शुक्रवारी सकाळी खोली आवरायला एक धिप्पाड, हसऱ्या तोंडाची बाई आली. तिला पाहताच दोघांच्याही जिवात जीव आला. तिसरं माणूस मिळालं.

"यांना म्हणावं, पाय वर घ्या, केर काढायचाय," बायको तिला म्हणाली.

"हिला सांगा, घेतलेत," फलाटराव म्हणाले.

खोलीवालीने आधी हिच्याकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं. तिने मनाशी काहीतरी ताडलं आणि तिच्या चेहऱ्यावर दया आली. ती फलाटरावांच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "काका! पाय! वर!" त्यानंतर ती त्यांच्याशी ओरडूनच बोलायला लागली. बाहेर भेटली तरी हातवारे करायची. म्हातारा ठार बहिरा आहे, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर झाली.

पण त्या ओरडण्यातूनच त्यांना एक गोष्ट कळली. भिंतीवरच्या टीव्हीवर जहाजाच्या वाटेचा नकाशा दिसायचा. निळ्या पाण्यात एक ठिपका आणि पुढे एक बंदर. "शनिवारी! मधलं बंदर!" खोलीवाली ओरडली. "दिवसभर थांबणार! फिरून यायचं! काही मंडळी तिथूनच उतरतात, बस धरून घरी जातात! तुमच्या शहराला दुपारपर्यंत पोचता येतं!"

फलाटराव नकाशाकडे बघत बसले. म्हणजे शनिवारी सकाळपर्यंत सांगितलं, तर ती उतरेल, दुपारी घरी पोचेल, चिमणीला रात्रभर कुशीत घेऊन झोपेल आणि पहाटे तिला निरोप देईल. शनिवारनंतर सांगितलं तर काहीच करता येणार नाही. मग चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये ही खोली.

आणि आता खरं सांगायचं तर फलाटरावांच्या मनात पाप आलं. सांगितलं तर ती जाईल. आपल्याला टाकून जाईल, मागे वळूनही बघणार नाही. नाही सांगितलं तर निदान बुधवारपर्यंत इथे असेल, समोरच्या पलंगावर, दिव्याशी बोलत का होईना. त्या रिकाम्या घरात पाऊल टाकायच्या आधीचे हे शेवटचे दिवस त्यांना तिच्याशिवाय काढायचे नव्हते. हे त्यांना कळलं तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तोंड उघडलं असं काही झालं नाही.

त्यात या जहाजावर खाण्याला अंत नव्हता. न्याहारी उरकतेय तोवर फळं, फळं होतात तोवर जेवण, जेवणानंतर केक. पोट भरल्यावर सांगू म्हणणाऱ्या माणसाची याहून मोठी पंचाईत कुठली! बायकोचं पोट सदा भरलेलंच होतं. त्यांनी न्याहारीला तोंड उघडलं आणि त्यात पाव कोंबला. जेवताना तोंड उघडलं आणि वाढप्याला पाणी मागितलं. तिने त्यांच्याकडे एकदा रोखून पाहिलं. मग ती मिठाच्या बाटलीला म्हणाली, "काहीतरी गिळून बसलेत."

दुपारी डेकवर खेळ चालू होता. माइक घेतलेल्या एका उत्साही पोरीने पुकारा केला, "आज आपल्यात एक जोडपं आहे, ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे!" तिकिटं काढताना मुलाने ते कळवलं होतं. झालं, दोघांना हाताला धरून मध्ये नेलं. चहूकडे टोप्या घातलेली, आइस्क्रीम चाटणारी माणसं. पोरीने बायकोपुढे माइक धरला. "काकू, इतक्या वर्षांच्या सुखी संसाराचं गुपित काय?"

"आम्ही कधी भांडत नाही," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका तरुण नवऱ्याने आपल्या बायकोला कोपराने ढोसलं.

मग माइक त्यांच्या हातात आला. किती वर्षांनी! बोटांनी आपोआप त्याचं बटण चाचपलं, मान सरळ झाली, आणि ध्यानीमनी नसताना तोच जुना आवाज बाहेर पडला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

लोक खो खो हसले. पण बायको हसली नाही. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं, सरळ तोंडाकडे, आणि तशीच बघत राहिली. तिला कळलं होतं की हा आवाज कसला. सहा वर्षांत तिने असं पाहिलं नव्हतं. ती वाट बघत होती. ते फक्त त्यांना दिसलं, बाकी कुणाला नाही. आता सांगायचं, फलाटरावांनी ठरवलं. सगळ्या जगासमोर तर जगासमोर.

"वरच्या मजल्यावर," ते म्हणाले, "केकचं वाटप सुरू झालेलं आहे."

सगळा डेक जिन्याकडे पळाला. बायकोने मान फिरवली आणि ती समुद्राकडे बघायला लागली. फलाटरावांना वाटलं, स्वतःच्याच हाताने स्वतःचं थोबाड असं रंगवावं, की पुन्हा आरशात बघायची हिंमत होऊ नये.

शनिवारी सकाळी जहाजाचा वेग मंदावला, खालची घरघर बदलली. बंदर आलं होतं. न्याहारीला निघावं म्हणून बायकोने दाराची मूठ फिरवली. मूठ फिरली, दार काही उघडलं नाही. दाराला बाहेरून कार्ड दाखवून उघडायचं कुलूप होतं, आतून नुसती मूठ. तिने पुन्हा फिरवली. फलाटराव पुढे झाले, त्यांनी खांदा लावला. दार ढिम्म. खोलीतला फोन उचलला तर त्यात आवाजच नाही; त्याची तार अजून कुणी जोडलीच नसावी. नवं जहाज!

मग दोघंही दारावर थापा मारायला लागली. थोड्या वेळाने बाहेरून खोलीवालीचा आवाज आला. "काय झालं?"

"दार अडकलंय!" बायको ओरडली. "उघडत नाहीये!"

"थांबा, ढकलू नका! कुलूप बिघडेल!"

फलाटरावांचा खांदा अजून दाराला होता. बायकोने तोंड दाराच्या फटीशी नेलं. "अहो बाई, यांना जरा सांगा, ढकलू नका म्हणावं!"

"काका!" बाहेरून खोलीवाली जीव खाऊन ओरडली. "ढकलू! नका!"

फलाटरावांचा खांदा खाली आला. ते तिथेच दाराला टेकून उभे राहिले. बायको त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती; तिच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास येत होता. तिने दाराला सांगितलं, दाराने बाहेरच्या बाईला सांगितलं, आणि बाहेरच्या बाईने ओरडून त्यांना सांगितलं. त्यांना एकदम गुदमरायला झालं. खोलीला खिडकी नाही म्हणून नव्हे.

"मी मिस्त्रीला घेऊन येते," बाहेरचा आवाज म्हणाला. पावलं लांब जात ऐकू येईनाशी झाली.

आता कुणी नव्हतं. दिवा होता. फलाटरावांनी दिव्याकडे पाहिलंसुद्धा, सवयीने. बायको पलंगावर बसली होती. तिने न्याहारी केलेली नव्हती, चहाचा घोटही घेतलेला नव्हता. इतकी चुकीची वेळ त्यांच्या सगळ्या नोकरीत कधी आली नव्हती.

"अगं," फलाटराव म्हणाले.

तो शब्द त्यांच्या तोंडून फुटल्यासारखा बाहेर आला. बायकोची मान झटकन वर झाली.

"अगं, ते चाललेत. तिघंही. त्याला नोकरी लागलीय परदेशात. उद्या पहाटे निघतायत. आपण बुधवारी परत जाऊ तेव्हा घरात कुणी नसेल. हे बंदर आहे ना, इथून बस मिळते. तू आत्ता उतरलीस तर दुपारपर्यंत पोचशील." एवढं एका दमात बोलून ते थांबले. मग म्हणाले, "चिमणीला माहीत नाही."

बायकोचा हात पलंगावरची चादर सारखी करत होता. सारखीच असलेली चादर.

"तुम्हाला कधी कळलं?"

तुम्हाला. मध्ये कुणी नव्हतं. तिने ते त्यांना विचारलं होतं.

"धक्क्यावर. निघताना."

"धक्क्यावर," ती म्हणाली. "आणि मी दोन दिवस केक खातेय."

"मला सांगायचं होतं. मी सारखा..."

"त्या दिवशीही सांगायचंच होतं ना तुम्हाला?" ती उठून उभी राहिली. आवाज मोठा नव्हता. "काय झालं त्या दिवशी, कळलंय तुम्हाला कधी? गाडी चुकली म्हणून मी बोलायची थांबले असं वाटतं तुम्हाला? गाड्या चुकतात. जन्मात पहिल्यांदा तुम्ही ताट वाढून दिलं होतंत मला. मला इतकं बरं वाटलं. मी हसत होते. मी दोनदा मागून घेतलं! माझी आई तिकडे शेवटचे श्वास घेत होती आणि मी दोनदा मागून घेतलं आणि बोटं चाटली. आणि तुम्ही समोर बसून बघत होतात. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही वाढत होतात!"

फलाटरावांना हे माहीत नव्हतं. सहा वर्षं ते गाडीचा हिशेब करत बसले होते. थेट गाडी, संध्याकाळची गाडी, किती उशीर झाला, मध्ये कुठे बदलता आली असती का. ताटाची गोष्ट त्यांच्या डोक्यातही आली नव्हती. त्यांना वाटत आलं होतं, निदान ती जेवली तरी.

"मी भ्यालो होतो," ते म्हणाले. "नियम-बियम सगळं खोटं. तुझा चेहरा बदलेल, तो बघायची भीती वाटली. तेव्हा पण. आत्ता पण."

"मग बघा आता," बायको म्हणाली. तिने डोळे पुसले नाहीत. तशीच त्यांच्यासमोर उभी राहिली, आणि त्यांनी बघितलं.

मग तिने पलंगाखालून बॅग ओढली आणि कपडे भरायला घेतले. फलाटरावांनी आपली बॅग काढली.

"तुम्ही नका येऊ."

"अगं, पण..."

"नका येऊ म्हणते ना! तुम्ही आलात की ती पोर पुन्हा आपल्या दोघांमध्ये उभी राहील. शेवटच्या दिवशी तरी तिला बसू दे. आणि मला आत्ता तुमचं तोंड बघायचं नाहीये. बसा इथे केक खात."

सहा वर्षांनी बायकोने तोंडावर झापलं, आणि त्या मेल्याहून मेल्या अवस्थेतसुद्धा फलाटरावांना कुठेतरी आत बरं वाटलं. माणसाचं काही सांगता येत नाही.

मिस्त्री आला, त्याने बाहेरून काहीतरी खटपट केली, आणि दार इतकं सहज उघडलं की जणू कधी अडकलंच नव्हतं. खोलीवाली दारात उभी होती. "घाबरलात ना?" ती म्हणाली आणि मग फलाटरावांच्या कानाशी वाकून तेच पुन्हा ओरडली.

"ओरडू नका," बायको बॅग उचलत तिला म्हणाली. "त्यांना ऐकू येतं."

फलाटराव डेकवर गेले तोवर ती उतरणीच्या फळीवरून खाली पोचली होती. धक्क्यावर फोटो काढणारी, टोप्या विकत घेणारी माणसं होती. त्यांच्यातून ती बॅग घेऊन वाट काढत बसच्या थांब्याकडे गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. बस आली, ती चढली. फलाटराव कठड्याशी उभे राहिले. दुपारचं जेवण झालं, केक झाला, माइकवाल्या पोरीने दोन खेळ घेतले. ते तिथेच होते. खाली उतरून पुढची बस धरावी असं त्यांच्या मनात दहादा आलं, पण तिने नको म्हटलं होतं, आणि या वेळी ते पाळणं बरोबर होतं की पुन्हा तोच मूर्खपणा होता, हे त्यांना ठरवता येईना. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथे तर चहूकडे समुद्रच होता. शेवटी उतरायची फळी वर ओढून घेतली आणि तो प्रश्न मिटला.

दोर सुटले. धक्का आणि जहाज यांच्या मध्ये पाण्याची पट्टी दिसू लागली आणि रुंदावत गेली. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला.

सहा वर्षांत तिने त्यांना फोन केला नव्हता. कुठे गेली तर सूनबाईला कळवायची, सूनबाई यांना सांगायची. त्यांनी फोन कानाला लावला.

"पोचले," ती म्हणाली.

"बरं," फलाटराव म्हणाले. "चिमणी?"

"मांडीवर बसलीय. खेळणी खोक्यात भरून टाकली होती पोरीची, सगळी बाहेर काढायला लावली मी." मागे चिमणीचा आवाज येत होता, शंख कुठे आहे, ती विचारत होती. "सूनबाई रडतेय. हा नुसता येरझाऱ्या घालतोय, तुमच्यासारखा."

"बरं."

धक्क्यावरची माणसं बोटाएवढी झाली होती. फोनमध्ये खरखर सुरू झाली. फलाटराव कठड्यावरून बाहेर वाकले, जणू तेवढ्याने किनारा जवळ येणार होता.

"ऐकताय ना?" ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता; ती बहुधा चिमणीला सूनबाईकडे देऊन आतल्या खोलीत गेली असावी. "तुम्ही बुधवारी याल. घरात आपण दोघंच."

"हो."

"चहा झाला की मी कुणाला सांगू?" ती थांबली. "मला भीती वाटते हो."

"मलापण," ते लगेच म्हणाले, आणि तिला ते ऐकू गेलं की नाही हे कळायच्या आत रेंज गेली.